जब्बारभाईंनी थंड ठेवलेली गाडी

फोन आला तेव्हा मी एका म्हशीची गाभण तपासणी करत होतो आणि माझा हात जवळजवळ खांद्यापर्यंत आत होता. खिशातला फोन वाजतच राहिला, म्हणून म्हशीच्या मालकानं तो काढला, पडद्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "शाहिस्ता मॅडम म्हणून कोनी हाये." कानाला लावा म्हटलं, त्यानं लावला. पलीकडून शाहिस्ता म्हणाली, "डॉक्टरकाका, अब्बा गेले. सकाळी सातला. दुपारी जोहरच्या नमाजनंतर मिट्टी आहे." येतो म्हणालो. मग हात बाहेर काढला, मोजा उलटा करून काढला आणि मालकाला सांगितलं, "चार महिन्यांची गाभण आहे." तो म्हणाला, "थे ठीक हाये, पन कोन गेलं?" "माझे रेडिएटरवाले," मी म्हणालो. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. आणखी काही सांगेन असं त्याला वाटलं असावं... मलाही तसंच वाटलं होतं, पण त्या वेळी दुसरा शब्द सुचला नाही.

आज दीड महिना झाला. जब्बारभाई, शाहिस्ताचे अब्बा, माझे कोण होते हे आता नीट सांगून पाहतो.

मी जनावरांचा डॉक्टर. राहायला बुलढाण्यात, पण माझं बरंचसं काम राजूर घाट उतरून मोताळ्याच्या बाजूला. बारा वर्षांपूर्वी एका बैलानं मला जनावर अडकवायच्या लोखंडी खोड्याच्या दांडीवर दाबलं आणि डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. शस्त्रक्रिया झाली, पाय वाचला, पण तो आता वाकत नाही. चालता येतं, उभं राहून तासन् तास काम करता येतं, फक्त क्लच दाबता येत नाही. काही वर्षं ड्रायव्हर ठेवून काढली. पण म्हशीची वेळ आणि ड्रायव्हरची वेळ जुळत नाही. दोनदा असं झालं की बोलावणं आलं तेव्हा ड्रायव्हर कुणाच्या तरी लग्नात होता. मग पुण्याच्या एका हौशी माणसानं डोंगरात फिरवण्यासाठी घेतलेली जुनी ऑटोमॅटिक पिकअप मी विकत घेतली. क्लच नाही, डाव्या पायाला काही कामच नाही. मागच्या हौद्यात घडीचा खोडा, पाण्याची टाकी, औषधांच्या पेट्या, वीर्याच्या कांड्यांचं नायट्रोजनचं भांडं असं सगळं बसवलं. ज्या दिवशी मी ती एकट्यानं घाट उतरवून नेली, त्या दिवशी मला पाय परत मिळाल्यासारखं वाटलं होतं.

पहिलाच उन्हाळा कठीण गेला. मोताळ्याहून भरली गाडी घेऊन घाट चढू लागलो की निम्म्या वाटेवर इंजिन ओरडायचं, पण गाडी पुढे जायची नाही. मग गोडसर जळका वास यायचा. बाजूला घेऊन तासभर उभं राहायचं, गाडी थंड झाली की पुन्हा निघायचं. मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथल्या माणसानं संगणक जोडला आणि सांगितलं की गिअरबॉक्स तापतो आहे, नवा टाका; आणि एवढं वजन घेऊन घाट चढायचा असेल तर तोही टिकणार नाही. घरात बोलणं सुरू झालं की आता दवाखान्यातच बसावं, लोक जनावरं घेऊन येतील. पण अडलेली म्हैस टेम्पोत घालून कोण आणतं? मला तेव्हाच कळलं होतं की गाडी बंद झाली तर माझं कामच बंद होईल.

जब्बारभाईंचं दुकान मोताळ्यात, रस्त्याच्या कडेला. पत्र्याचं छप्पर, पाण्याचा हौद, तेजाबाच्या बाटल्या, झाळकामाची भट्टी. ट्रॅक्टर, ट्रक, थ्रेशर, कशाचाही रेडिएटर फुटला की तिथे यायचा. माणूस साठीच्या अलीकडचा, सडपातळ, बोटांची टोकं तेजाबानं पिवळी पडलेली. राहायला रोहिणखेडला, रोज सकाळी मोटारसायकलवरून येणं, मगरिबच्या आधी, दिवस मावळायच्या आत परत. मी त्यांच्याकडे गेलो तो केवळ पाणी मागायला. गाडी तापली होती. त्यांनी बोनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "हिचा क्लच कुठी हाये?"

क्लच नाही, ऑटोमॅटिक आहे, मी म्हणालो. "मंग इंजिनाची ताकद गिअरात जाते कशी?" मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. मध्ये तेलानं भरलेला एक डबा असतो, इंजिन ते तेल ढवळतं आणि ढवळलेलं तेल पुढचं चाक फिरवतं. ते ऐकून ते पुन्हा बोनेटखाली वाकले. मग म्हणाले, "म्हंजे चढावर गाडी हळू चालली की इंजिन तेल नुसतं घुसळूनच राह्यलं. घुसळलं की तापनारच. डॉक्टरसाहेब, हे गाडी मले समजत नाई, खोटं काहाले सांगू. पन गरमी समजते. चाळीस साल झाले, दुसरं काही केलंच नाई."

गाडी मी दोन दिवस त्यांच्याकडे ठेवली. त्यांनी पुढची जाळी सोडवली. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत सरकीची रुई, सोयाबीनचा भुसा आणि मेलेले किडे यांचा गादीसारखा थर बसला होता. बाहेरून तो दिसतच नव्हता. शहरातल्या वर्कशॉपनं संगणक लावला होता, पण ही फट कुणी उघडून पाहिली नव्हती. जब्बारभाईंनी जोराच्या फवाऱ्यानं पत्र्या वाकतील म्हणून साध्या नळीनं, मागून पुढे पाणी सोडत, रंगाच्या ब्रशनं ती जाळी दुपारभर धुतली. मग गिअरबॉक्सचं तेल काढलं. नवं असताना लाल असतं ते; आमचं चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं. बोटावर घेऊन त्यांनी वास घेतला. "जळालं हाये. पन भुगा नाई निंघाला. आतलं सामान अजून साबूत हाये."

पुढचं काम त्यांनी आपल्या पद्धतीनं केलं. दूध डेअरीत वापरतात तसा लांब दांडीचा तापमापक कुठूनसा आणला, त्याची तार गिअरबॉक्सच्या तेलाच्या पाइपला बांधली आणि माझ्या शेजारी बसून तीन दिवस, भर दुपारी, भरल्या गाडीनं घाट चढले. वळण आलं की आकडा वाचायचे आणि खडूनं डॅशबोर्डवर लिहायचे. कोणत्या वळणावर तेल तापतं, मी पाय कुठे दाबतो, कुठे सोडतो, सगळं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अर्धा कसूर गाडीचा, अर्धा तुमचा." पुढे ट्रक असला की मी चढावरच नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायचो. ते म्हणाले, ब्रेक दाबा, अंतर पडू द्या, मग एकदम निघा. आणि लीव्हर 'डी'वर ठेवून घाट चढायचा नाही, दुसऱ्या गिअरला बांधायचा. नाही तर गिअर खाली-वर होत राहतात आणि दर वेळी तेल तापतं. पाय जायच्या आधी कितीतरी वर्षं क्लचच्या गाड्या चालवलेला मी, त्या माणसाकडून नव्यानं गाडी शिकलो, आणि त्या माणसानं आयुष्यात ऑटोमॅटिक गाडी चालवली नव्हती.

मग त्यांनी एका भंगारातल्या हार्वेस्टरचा ऑइल कूलर आणला, कापून लहान केला, पुन्हा झाळला, हवा भरून हौदात बुडवून तपासला आणि रेडिएटरच्या पुढे बसवला. गिअरबॉक्सचं तेल आधी रेडिएटरच्या तळातून, मग या कूलरमधून जाऊन परत यायचं. उलटं का नाही, मी विचारलं. "पहिले पान्यानं थंड करू, उरलंसुरलं वाऱ्यावर," ते म्हणाले. वर एक छोटा पंखा आणि डॅशबोर्डवर तेलाच्या तापाचा काटा. जाताना बजावलं, "रोज सकाळी गाडी काढाच्या आंधी खाली पाहत जा. लाल थेंब दिसला का गाडी जागची हालवू नका. मले फोन करा, मी येतो."

त्या उन्हाळ्यात गाडी एकदाही घाटात थांबली नाही. मी प्रत्येकाला जब्बारभाईंचं नाव सांगत सुटलो.

पुढे जे घडलं ते सांगण्यासाठीच खरं तर हा लेख लिहितो आहे. पावसाळा संपता संपता, एका सकाळी सुमनबाईंचा फोन आला. रोहिणखेडच्या पुढे तीनेक किलोमीटरवर त्यांची शेतातली वस्ती आहे. नवरा नाही, मुलगी सासरी. एक म्हैस आणि दोन एकर. म्हैस रात्रीपासून अडली होती, रेडकाचा एकच पाय बाहेर आला होता. मी पेटी उचलली, गाडी काढली, फाटक लावायला मागे वळलो आणि फरशीवर डाग दिसला. लाल. चार-पाच थेंब असतील. मी पाहिला, मला कळलं, आणि मी गाडीत बसलो. मनाशी म्हणालो, क्लिप सैल झाली असेल, मोताळ्याला जाता जाता दाखवू. मोताळ्याला दुकानासमोरून गेलो तेव्हा जब्बारभाई भट्टीसमोर वाकलेले दिसले. पण म्हैस अडली होती... मी थांबलो नाही.

मोताळा सोडून थोडं पुढे गेलो आणि गाडीनं ओढणं सोडलं. इंजिन चालू, चाकं जागच्या जागी. मागे रस्त्यावर लाल रेघ उमटली होती. एका मोटारसायकलवाल्यानं मला मागे बसवलं, न वाकणारा पाय बाहेर काढून, मांडीवर पेटी घेऊन मी वस्तीवर पोचलो तेव्हा दीड तास उशीर झाला होता. खोडा गाडीतच राहिला होता. म्हैस आडवी पडली होती, गर्भपिशवी फाटली होती. रेडकू मेलेलं निघालं. अर्ध्या तासानं म्हैसही गेली. सुमनबाई तिच्या शिंगाला हात लावून बसल्या होत्या. मला एवढंच म्हणाल्या, "तुमी येतो म्हनले होते."

दुपारी गाडी ओढत जब्बारभाईंच्या दुकानात आणली. तिथे चार-सहा गिऱ्हाइकं होती. मी सगळ्यांसमोर ओरडलो. तुमच्या जुगाडानं आज एका बाईची म्हैस मेली, मला भंगाराचा तुकडा बसवून दिलात, असं बरंच काही. ते भट्टीसमोरून उठले. गाडीखाली गेले, कूलरची नळी काढून बाहेर आले, हातात दाबून पाहिली. ती फुगून मऊ झाली होती. "माही चूक हाये," ते म्हणाले. "हे नळी पान्याची होती. तेलाची पाह्यजे होती. गरम तेलानं रबर सडलं. मले कळाले पाह्यजे होतं." सगळ्यांसमोर म्हणाले. मी लाल थेंबांबद्दल काही बोललो नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

त्याच संध्याकाळी ते सुमनबाईंच्या वस्तीवर गेले. मला हे नंतर कळलं. ओट्यावर बसून सांगितलं की तुमची म्हैस माझ्या चुकीनं गेली. घरी त्यांची एक वगार होती, अजून न व्यालेली दोन वर्षांची म्हैस. दुसऱ्या दिवशी ती दोरीनं चालवत वस्तीवर नेली. सुमनबाई म्हणाल्या, "मले नको तुमची वगार." ते ती गोठ्यात बांधून निघून आले. बाईंनी वगार ठेवली, वाढवली, पण जब्बारभाईंशी पुन्हा बोलल्या नाहीत. बाजारात समोर आल्या तरी पदर पुढे ओढून निघून जायच्या. इकडे जब्बारभाईंनी माझ्या गाडीला तेलाची जाड, तारेच्या जाळीची नळी लावली, दुहेरी क्लिपा लावल्या आणि गिअरबॉक्स शेगावच्या एका जाणकाराकडून उघडून घेतला. गाडी वाचली. गेली सहा वर्षं ती त्याच नळीवर चालते आहे. आमची मैत्री त्यानंतर वाढली, खरं तर माझी तेवढी लायकी नव्हती. ईदला मी त्यांच्याकडे जायचो, त्यांच्या शेळ्यांना लस टोचायचो. ते माझ्या दवाखान्यात येऊन बसायचे आणि माझ्या फ्रिजमागच्या जाळीवरची धूळ रुमालानं पुसायचे. अनेकदा सांगायचं मनात आलं. दर वेळी वाटायचं, आता जुनी गोष्ट उकरून काय करायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची फुप्फुसं कामातून जात असल्याचं निदान झालं. तेजाबाचा धूर, शिशाचा धूर. डॉक्टरांनी भट्टी बंद करायला सांगितली. त्यांनी आठवड्यातून दोन दिवसांवर आणली. दर पंधरा दिवसांनी बुलढाण्याला तपासणीला यावं लागे आणि बसमध्ये त्यांना धाप लागे, म्हणून मी कामावरून परतताना त्यांना गाडीत घेऊ लागलो. घाट लागला की ते खिडकीबाहेर पाहायचे नाहीत, तेलाच्या काट्याकडे पाहायचे. काटा चढला की माझ्याकडे बघायचे, मी पाय हलका करायचो. गेल्या हिवाळ्यात अशाच एका फेरीला, कसं कोण जाणे, मी सांगून टाकलं. त्या सकाळी मला थेंब दिसले होते. तुमच्या दुकानासमोरून मी न थांबता गेलो.

पुढचं एक वळण ते काट्याकडेच पाहत राहिले. मग विचारलं, "किती थेंब होते?"

"चार-पाच."

"थांबले असते तं धा मिनिटाचं काम होतं. दुसरी नळी होती माह्यापाशी." पुन्हा थोडा वेळ श्वास जमवला. "पन नळी तं माहीच होती ना, डॉक्टरसाहेब. थे काही बदलत नाई."

मी म्हणालो, मला माफ करा. ते म्हणाले, "मले काऊन सांगता? मी तं माहा हिशोब तवाच मिटवला. सुमनबाईले सांगजा. थे बाई सहा सालापासून मले एकट्यालेच धरून बसली."

हो म्हणालो. सांगतो म्हणालो. त्यानंतर रोहिणखेडच्या बाजूला मी किती वेळा गेलो असेन... वस्तीकडे वळणारी वाट दर वेळी दिसायची. पुढच्या फेरीला जब्बारभाईंनी विचारलं, "सांगतलं काय?" मी म्हणालो, नाही, सांगणार आहे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मग त्यांचं येणंच थांबलं, घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं, आणि एका सकाळी मी म्हैस तपासत असताना शाहिस्ताचा फोन आला.

मिट्टीला मोठी गर्दी होती. ट्रकवाले, हार्वेस्टरवाले, मोताळ्याचे व्यापारी. मीही मूठभर माती टाकली. सुमनबाई दिसल्या नाहीत.

गेल्या रविवारी मी वस्तीवर गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. सुमनबाई अंगणात तुरीच्या काड्या बांधत होत्या. "काऊन आले, डॉक्टर? मी तं फोन नाई केला," त्या म्हणाल्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. फरशीवरचे थेंब, दुकानासमोरून न थांबता जाणं, दुकानात सगळ्यांसमोर ओरडणं. आणि हेही की तुम्हाला सांगायचं त्यांनी मला बजावलं होतं आणि मी टाळत राहिलो. त्या हातातली दोरी न सोडता ऐकत होत्या.

मी थांबल्यावर म्हणाल्या, "हे तुमी थो जित्ता असताना सांगाले पाह्यजे होतं."

"हो," मी म्हणालो.

"मी त्याच्या मातीले गेली नाई."

त्यांनी काड्यांची मोळी खाली ठेवली, घरात गेल्या. मला वाटलं, आता दार लावून घेतील. थोड्या वेळानं धुतलेलं लुगडं नेसून बाहेर आल्या, हातात दुधाची चरवी होती. "चाला," म्हणाल्या. "मले त्याच्या घरी नेऊन सोडा."

वाटेत त्या चरवी मांडीवर धरून बसल्या होत्या. रोहिणखेडात जब्बारभाईंच्या दारासमोर गाडी उभी केली. जब्बारभाईंच्या पत्नी, भाभी, इद्दतमध्ये आहेत, नवऱ्यामागचे दिवस पाळताहेत, बाहेर येत नाहीत. सुमनबाई चरवी घेऊन उतरल्या आणि कुणाला न विचारता सरळ आतल्या खोलीत गेल्या. मग भाभींच्या रडण्याचा आवाज आला, आणि त्यात मिसळलेला सुमनबाईंचा.

मी गाडीतच बसून होतो. गाडी थांबवली की इंजिन लगेच बंद करायचं नाही, न्यूट्रलला टाकून दोन मिनिटं चालू ठेवायचं, तेल फिरू द्यायचं, ही जब्बारभाईंनी लावलेली सवय. तीन किलोमीटरमध्ये तेल तापत नाही, हे मला कळतं. तरी पाय ब्रेकवर ठेवून बसलो आणि कूलरवरचा पंखा बंद होण्याची वाट पाहिली. शाहिस्ता दारात आली. सुमनबाई इतक्या वर्षांनी कशा आल्या, हे तिच्या चेहऱ्यावर होतं. तिलाही आजवर हेच ठाऊक होतं की चूक एकट्या तिच्या अब्बांची होती. पंखा थांबला. मी इंजिन बंद केलं, डावा पाय हातानं उचलून बाहेर ठेवला आणि तिला सांगायला खाली उतरलो.